घरच्याचा पैरा

गेल्या महिन्यात माझ्या भावाची नात कुठल्याशा शेतावर राहून आली. स्वयंसेवक म्हणून गेले होते म्हणाली. हल्ली अशी शेतं आहेत म्हणे, शहरातली मुलं हौसेनं जातात, शेण कालवतात, चुलीवरचं जेवतात आणि परत येतात. नाक उन्हानं सोलून निघालेलं, पण पोरगी खूश. "आजी, काय शांत वाटतं गं तिथं! आणि किती कमी लागतं माणसाला जगायला!" मी नुसतं बरं म्हटलं. त्या दिवशी माझे गुडघे जास्तच ठणकत होते, आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला नाही की कौतुक वाटलं नाही, नुसता शीण आला. तिच्या वयाची असताना मीही अशीच गेले होते, आणि साधं जगणं म्हटलं की मला पहिली आठवते ती कंबर. कमी लागतं हे खरंच आहे बाई, पण ते कमी पदरात पडायला किती राबावं लागतं! तिनं फार मागं लागून लिहायला बसवलंय. जमेल तेवढं लिहिते, मध्येच पाठ टेकावी लागते.

ते दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस. आम्ही सांगलीचे जैन, वडिलांची हळदीची अडत. घरात बोटांपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळं पिवळं. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेलं, चळवळीचं वारं अंगात शिरलेलं, आणि घरात बसून पापड लाटायची तयारी नव्हती. कराडच्या बाजूला एक सेवाकेंद्र होतं. ते चालवणारे गुरुजी मोठे उत्साही गृहस्थ. ज्या घरांतले पुरुष पलटणीत गेलेत तिथं बायांच्या मदतीला शहरातली मुलं-मुली पाठवायची अशी त्यांची कल्पना होती. आई रडली. वडील म्हणाले, "जा. हात फुटले की येशील परत." मिरजेला गाडी धरली, मसूरला उतरले, बैलगाडीनं नदीपर्यंत आणि मग नावेनं पलीकडं. गावाचं नाव लिहीत नाही. उंब्रजच्या बाजाराला चालत जाता येईल असं, कृष्णाकाठचं. नाव लिहिलं तर तिथली माणसं 'असं नव्हतंच' म्हणून भांडायला येतील, आणि आता भांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

ज्या घरात मला ठेवलं तिथं दोनच माणसं, आक्का आणि पारू. आक्का म्हणजे घराची मालकीण, उंच, हडकुळी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मिश्रीनं दात काळे आणि जीभ कायम धार लावलेली. पारू तिची सून, माझ्याच वयाची. आक्काचा एकुलता मुलगा ग्यानू, म्हणजे पारूचा नवरा, पलटणीत होता आणि कितीतरी दिवसांत त्याची ख्यालीखुशाली नव्हती. गुरुजी मला घेऊन अंगणात उभे राहिले तेव्हा आक्का सुपात जोंधळे निवडत होती. गुरुजींनी सांगितलं, ही मुलगी तुमच्याकडं राहील, शेतात काम करील, हिला काही द्यायचं नाही. आक्कानं सूप खाली ठेवलं.

"काई द्यायचं न्हाई म्हंजी?"

"सेवा म्हणून आली आहे ती, आक्का."

"आवं गुर्जी, सेवा करायला माजं घर काय देऊळ हाय व्हय? फुकाट कुनी राबत न्हाई माज्या रानात. ऱ्हायचं तर पैऱ्यानं ऱ्हा म्हनावं."

गुरुजी हसले आणि मला ठेवून निघून गेले. पैरा म्हणजे काय ते मला पारूनं पाण्याला जाताना सांगितलं. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. माणसाच्या दिवसाला माणसाचा दिवस फेडायचा. बैलजोडी आली तर तिच्या एका दिवसाला माणसांचे जास्त दिवस द्यायचे, ते आधी बोलून ठरवायचं. सगळा हिशेब तोंडी, आणि कुणी विसरत नाही. ज्याला फेडता येत नाही त्याला पुढच्या हंगामात कुणी पैऱ्यात धरत नाही, आणि ज्याला पैऱ्यात धरत नाहीत त्याचं रान पडून राहतं. मी परत येऊन आक्काला विचारलं, "पण मला कुठं शेत आहे? माझा पैरा तुम्ही फेडणार कुठं?"

"शेत नसू दे. घर हाय न्हवं? आई हाय न्हवं? कवा तरी लागंलच कुनाची तरी गरज. तवा पारू यील. फिटला पैरा." मला हसू आलं. आमच्या घरी स्वयंपाकाला बाई होती, भांड्याला बाई होती. पारू आगगाडीत बसून सांगलीला येणार आणि काय करणार?

दिवस उजाडायच्या आधी सुरू व्हायचा तो जात्याच्या घरघरीनं. मग पाणी, म्हैस, शेण, भाकरी, आणि सूर्य वर आला की रान. पलीकडच्या विहिरीवर कुणाची तरी मोट चालायची, तिचं चाक दिवसभर कुईकुई करायचं. नदीपलीकडून आगगाडीची शिट्टी आली की पारूचा हात थांबायचा. एवढ्याशा वेळेपुरता. मग आक्का काहीतरी खेकसायची आणि हात पुन्हा चालू. पहिले काही दिवस मी रात्री जेवताना भाकरी हातात धरून पेंगत असे. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. पारू त्यांवर हळद आणि तेल लावायची आणि म्हणायची, "तुज्या बाची हळद तुज्याच कामाला आली बग."

त्या घरात टाकायचं म्हणून काही नव्हतंच. अंघोळीचं पाणी परसातल्या केळीला. चुलीतली राख भांड्यांना, भांडी घासून उरलेली उकिरड्यात, उकिरडा उन्हाळ्यात रानात. लुगडं विटलं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की ती म्हशीच्या पाठीवर, आणि तिथंही चिंध्या झाल्या की त्याची वात. मी सांगलीहून अंगाचा साबण नेला होता. आक्कानं तो हुंगून पाहिला, म्हणाली "वास ग्वाड हाय," आणि कपड्यांच्या बोचक्यात वासाला ठेवून दिला. माझ्या भावाच्या नातीनं ह्या सगळ्याला एक मोठा शब्द सांगितला, शाश्वत. आक्काकडं असला शब्द नव्हता. "टाकायचं कुटं गं?" एवढंच ती म्हणायची. हौस नव्हती ती, नाइलाज होता, आणि मी उगाच तिला ऋषी करून ठेवणार नाही. ती कंजूष होती, हट्टी होती, रुसली की दोन-दोन दिवस सुनेशी बोलायची नाही. पण एक सांगते. ताटात आलेली प्रत्येक गोष्ट कुठून आली ते मला तिथं कळलं, कारण तिच्यासाठी मी स्वतः वाकलेली असे. तेवढं समाधान मला पुढं कुठल्या जेवणात मिळालं नाही.

जेवणाची मात्र मजाच झाली. मी ठरवून गेले होते की जे वाढतील ते खायचं, कांदा-लसूणही खायचा. पण पहिलाच घास मी बाहेर पळत जाऊन थुंकून टाकला. मला वाटलं, आता आक्का घर डोक्यावर घेणार. पण कसचं काय! दुसऱ्या दिवशी पाटा राखेनं घासून, धुऊन तिनं बिनलसणाची शेंगांची चटणी वाटली आणि माझ्यापुढं आदळली. "पोटाला पटंल त्ये खा. सोंगं नकोत." त्यानंतर रोज पाटा आधी माझ्यासाठी धुतला जायचा आणि रोज त्याबद्दल मला बोलणी बसायची. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही आमची रीत. घासलेट मिळत नव्हतंच, तेव्हा सगळंच घर माझ्याबरोबर उन्हं असताना जेवायला लागलं. हुलग्याचं माडगं, भाकरी, ताक, कधी ओल्या शेंगांचं कालवण. पारू मला छळायची, "का गं पदमे, मातीखालचं खात न्हाईसा न्हवं तुमी? मग शेंगा काय झाडाला लागत्यात? आन तुज्या बाची हळद?" "ते वेगळं असतं," मी म्हणायची. "व्हय, ज्यात कमाई आसती त्ये येगळंच आसतं," चुलीपुढून आक्का.

आता मुद्द्याचं. आक्काचं रान नदीच्या बाजूचं, काळं, शाळूचं, म्हणजे हिवाळी ज्वारीचं. पण जोडीतला एक बैल पावसाळ्याच्या तोंडावर मेला होता, आणि एका बैलानं पेरणी होत नाही. आक्काचे धाकटे दीर तात्या शेजारीच राहायचे. ते अधूनमधून येऊन अंगणात उभे राहायचे, आणि पारू पदर ओढून आत जायची. "वैनी, पुरुषमान्सावाचून रान व्हत न्हाई. औंदा मी पेरतो. निम्मा वाटा तुमाला घरपोच." तात्या काही दुष्ट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की बायांनी उगाच हाल काढू नयेत. पण आक्का म्हणायची, "भावजी, औंदा तुमी पेरनार, फुडल्या साली बी तुमीच पेरनार. ग्यानू आल्यावर त्येनं काय बांदावर हुबं ऱ्हाऊन बगायचं व्हय?" शेवटी तात्यांनी चार माणसांसमोर सांगून टाकलं. वाफसा आहे तोवर वैनींची पेरणी झाली तर ठीक, नाही झाली तर रान मी करणार. वाफसा म्हणजे पावसानंतर जमिनीत ओल नेमकी असते ते थोडे दिवस. ते गेले की पेरलेलं उगवत नाही. चार माणसांनीही मान हलवली. रान पड टाकणं कुणालाच पटणारं नव्हतं.

आक्काचा भरवसा बापूवर होता. बापू शेजारच्या शेताचा मालक, लठ्ठ, गालात कायम तंबाखू. त्याच्याकडं चांगली जोडी होती, पेरायची कुरी होती आणि मोठं भुईमुगाचं रान होतं. बोलणं झालेलं होतं. आक्का आणि पारूनं बापूच्या शेंगा उपटायच्या, तोडायच्या, आणि त्या बदल्यात बापूची जोडी आणि कुरी आमच्या पेरणीला येणार. मलाही आक्का रोज तयार करत होती. शेंगा कशा उपटायच्या, बुडाशी धरून, माती हलवून, झटका न देता. "झटका दिलास की वेल हातात आन शेंग खाली."

शेंगांच्या आदल्या दिवशी उंब्रजचा बाजार होता. आक्का खुरपी शेवटवायला, म्हणजे धार लावून घ्यायला, लोहाराकडं निघाली आणि बरोबर मला घेतलं. पारूला हिवतापाची थंडी भरली होती, ती घरी पडली. परतताना ऊन चांगलंच तापलं होतं, माझ्या डोक्यावर मिठाची पिशवी आणि चपलेचा अंगठा तुटलेला. गावाजवळ आलो तर गाणं ऐकू आलं. समूहगान. बापूच्या रानात झेंडा लावलेला, आणि आमच्या केंद्राची यच्चयावत मुलं-मुली कपाळाला फडकी बांधून शेंगा तोडत बसलेली. रान उपटून मोकळं झालं होतं. पारू तापानं लाल झालेली, वाकळ गुंडाळून बांधावर उभी होती. तिनं गुरुजींना थांबवायला पाहिजे होतं असं नंतर आक्का म्हणाली, पण सून माणूस, ती काय परक्या पुरुषांच्या घोळक्यात जाऊन ओरडणार?

गुरुजी आमच्याकडं धावत आले. घाम, माती, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "आक्का! तुम्ही दोघी बायका हे एवढं रान काढणार असं ऐकलं. म्हटलं, चला. तुमच्या वाटचं सगळं काम मुलांनी केलं. आता तुम्हाला विश्रांती!"

आक्का मटकन खाली बसली. तिला तशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. "माजी इश्रांती? आवं गुर्जी, माज्या पेरनीचा गळा दाबलासा की वो तुमी."

गुरुजींना काहीच कळेना. मीच त्यांना समजावलं. समजावताना माझाही आवाज चढत गेला. बापूचं काम संपलं, म्हणजे आता बापू आमचं काहीच लागत नाही, म्हणजे जोडी येणार नाही. गुरुजींचा चेहरा पडला. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले. "मग आम्हीच कुरी ओढू," ते म्हणाले, "मुलं जुंपून घेतील स्वतःला." आक्कानं कपाळावर हात मारला. बापू तंबाखू थुंकून पुढं आला. तोही ओशाळला होता. "काकी, मी काय ह्यास्नी बलीवलं न्हवतं. पोरं आली आन सुटलीच. आता जोडी म्हनाल तर पाठवतो की तशीच."

"तशीच नगं," आक्का म्हणाली. घरी येताना मी तिच्याशी भांडले. पाय पोळत होते, भूक लागली होती, आणि तिचा हट्ट मला असह्य झाला होता. बापू देतोय तर घ्यायला काय जातं? ती चालता चालता थांबली. "फुकाट जोडी आली तर भावजी काय म्हनंल? म्हनंल, वैनीवर आता धर्माचं खायची येळ आली. चार मान्सं बी त्येच म्हनतील. मग कशाच्या जोरावर रान ठेवू गं? सांग." त्या दुपारी घरात कुणी चूल पेटवली नाही. पारू आत कण्हत होती. आक्का भिंतीला टेकून बसली होती आणि धार लावून आणलेली खुरपी तिच्यापुढं तशीच पडली होती.

मला तिथं बसवेना. मी उठून बापूच्या रानाकडं गेले, कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं. पोरं गेली होती, झेंडाही नेला होता. पण रानात कावळे उतरले होते. नुसते कावळे नाहीत, साळुंक्या, कुणाची तरी शेरडं, सगळे मातीत तोंड खुपसून खात होते. मी शेरडं हाकलली आणि जिथं शेरडू उकरत होतं तिथं बोट घातलं. शेंग. बाजूला घातलं, शेंगा. आमच्या पोरांनी झटके देऊन वेल उपटले होते आणि मोठा वाटा मातीतच राहिला होता. मी पदरात मावतील तेवढ्या घेतल्या आणि पळत घरी आले. तुटकी चप्पल तिथंच राहिली, ती मला पुन्हा मिळाली नाही.

आक्कानं पदरातल्या शेंगा पाहिल्या, माझ्याकडं पाहिलं, खुरपी उचलली आणि सरळ बापूचं घर गाठलं. मी मागं. बापू जेवत होता. त्याच्या ताटाशेजारी तिनं मातकट शेंगांची रास ओतली.

"ह्या काय?"

"तुज्या हायत. मातीत. कावळं खात्यात. उद्यापातुर ऱ्हायल्या तर तुज्या वाट्याला टरफलं."

"आयला!" बापूचा घास हातात राहिला.

"खुरपून काढतो आमी. पैऱ्यानं. बोल."

बापू विचारात पडला. "काकी, मला नकार न्हाई. पर माजी जोडी तेरवापास्नं दुसऱ्याच्या पैऱ्याला जातीया. त्याच्या आत व्हाया पायजे. पारू तापानं फनफनलीया. तुमी येकट्या किती खुरपनार?"

"येकटी कुटं? ही हाय की."

"ही?" बापूनं माझ्याकडं पाहिलं. "ही गुर्जींची न्हवं? सेवेतली? सेवेचा पैरा कसा धरू काकी? तात्याच म्हनंल, ही तर फुकाटातली, हिचा दिस वैनीच्या खात्यात कसा?"

त्याचं खरं होतं. चुलीतलं लाकूड तडतडत होतं आणि बापूची बायको आतून कान देऊन ऐकत होती. मग आक्कानं माझं मनगट धरलं. तिचा हात खरवडणारा होता, आठवतो अजून.

"ही गुर्जींची न्हाई. माज्या घरची हाय."

"बगा हां काकी," बापू म्हणाला. आता तो हसत होता. "घरची म्हनलासा तर हिचा तुमच्याकडला पैरा बुडाला. घरच्याचा कुटं पैरा आसतो?"

आक्कानं मान वळवून मला विचारलं, "बुडू दे का गं?"

"बुडू दे," मी म्हणाले. आणि मला रडू आलं. दमले होते म्हणून असेल, उपाशी होते म्हणून असेल, पण मला त्या क्षणी फार फार बरं वाटलं, हेही खरं.

पुढचं वर्णन करण्यासारखं काही नाही. आम्ही खुरपलं. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी दिसायला लागल्यापासून. ओळीनं उकिडवं बसायचं, हातभर माती उकरायची, शेंगा वेचायच्या, पुढं सरकायचं. दुपारनंतर माझी बोटं मिटेनात. नखांत माती जाऊन ती सुजली. एकदा डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी तिथंच सरीत आडवी झाले. आक्कानं तोंडावर पाणी मारलं, "मरू नगंस, भावजीला बरं वाटंल," म्हणाली आणि माझ्या वाटची ओळही स्वतः धरली. मग थंडी ओसरल्यावर पारू आली, वाकळेसकट, बापूची बायको आली, आणि शेवटी लाजेनं की काय, खुद्द बापू बसला खुरपं घेऊन. गुरुजी बांधावर येऊन उभे राहिले. त्यांना आक्कानं लांबूनच हात जोडले. "गुर्जी, पाया पडते, मदत करू नगासा." तेवढ्या शिणातही आम्ही सगळ्या हसलो, आणि गुरुजीही हसले.

पुढच्या दिवशी सकाळी बापूची जोडी आमच्या रानात आली. कुरी चालली, आक्का मागून मुठीनं शाळू सोडत गेली, आणि मी बांधावर बसून होते, कारण मला उभं राहता येत नव्हतं. तात्या आले. वाकून तासातलं बी पाहिलं. मग म्हणाले, "वैनी, बी उथळ पडतंय. कुरीवर वजान ठेवा जरा." आणि स्वतःच एक धोंडा उचलून कुरीवर ठेवून निघून गेले. त्या सालानंतर वाट्याची गोष्ट त्यांनी काढली नाही.

शाळू निघेपर्यंत मी राहिले, मग वडिलांनी माणूस पाठवला आणि मी सांगलीला परत आले. आक्कानं वाटेत खायला भाकरी-चटणी बांधून दिली, बिनलसणाची, आणि पोचवायला दारापर्यंतही आली नाही. रुसली होती. ग्यानू लढाई संपल्यावर आला. तोफांच्या आवाजानं कानानं अधू झाला होता, पण रान त्याचं होतं. आक्का पुढं फार दिवस जगली नाही. ह्या बातम्या मला हळदीच्या गाडीवानांकडून कळायच्या, तुटक तुटक. मी कधी गेले नाही. जाऊ जाऊ म्हणताना राहिलं.

आणि मग आमच्याच घराचे दिवस फिरले. वडील गेले, अडत मोडली, कामाच्या बाया गेल्या, भाऊ नोकरीसाठी लांब. आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. मी एकटी. तिला उचलायचं, कूस बदलायची, भरवायचं, धुवायचं. रात्री तिला झोप नाही म्हणून मलाही नाही. खुरपताना मी दमले होते, पण ते दमणं वेगळं, त्याला झोप होती. हे दमणं अंगात साचत गेलं. आरशात पाहिलं की ओळख पटेना. एका दुपारी मी परसात आईच्या अंथरुणाची धुणी घेऊन बसले होते आणि माझ्याच्यानं पिळा बसेना. हातात बळच नव्हतं. ओलं लुगडं तसंच मांडीवर घेऊन बसून राहिले होते, किती वेळ कोण जाणे.

मागचं दार वाजलं. डोक्यावर पिठाचं गाठोडं, काखेत वाकळ, पाय धुळीनं पांढरे. पारू. थोडी जाड झाली होती, बाकी तीच. उंब्रजच्या बाजारात कुणीतरी सांगितलं म्हणाली, पदमेच्या आईचं असं असं झालंय. गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि माझ्या मांडीवरचं लुगडं ओढून घेऊन पिळायला लागली.

"रान?" मी विचारलं.

"धन्याच्या ताब्यात दिलंय. बगू दे की आता त्येला."

मला हसावंसं वाटलं, पण रडूच यायला लागलं. म्हटलं, "आक्का बोलली होती. पारू येऊन पैरा फेडील म्हणून."

पारूनं लुगडं झटकलं, दोरीवर टाकलं. "कसला पैरा? त्यो तवाच बुडाला. बापूभावजींच्या म्होरं तूच म्हनलीस न्हवं, बुडू दे म्हनून?"

"मग कशाला आलीस गं?"

"कशाला म्हंजी? घरला आले," ती म्हणाली. "ऊट तिथनं. आईकडं मी बगते. जा, नीज जरा."

मी आत जाऊन तिची वाकळ अंगावर घेतली. वाकळेला शेणाचा, धुराचा आणि अगदी पुसट असा माझ्या जुन्या साबणाचा वास होता. बाहेर पारू आईला मोठ्यानं काहीतरी विचारत होती आणि आई उत्तर देत होती. मला झोप लागली.